एअर पिस्तूल शिकताय? नजरेच्या या चुका टाळा

नेमबाजीच्या रेंजवर नवा पोरगा आला की सोबतचे काका हटकून सांगतात, "अर्जुनासारखा फक्त डोळा बघ!" धनुष्यबाणाचं ते बघतील, पिस्तुलात हा सल्ला नडतो.

टारगेटच्या काळ्या गोलावर नजर लावणं ही सगळ्यात महाग चूक. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. गोल स्वच्छ दिसला की फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा, धूसर होते आणि ती मागच्या साइटच्या खाचेत कलली तरी कळत नाही. हिशोब करा. दोन्ही साइटमध्ये साधारण 33 सेंमी अंतर, टारगेट 10 मीटरवर. खाचेत 1 मिमी चुकलं की छर्रा 3 सेंमी भरकटतो, दहा गुणांचे थेट सात. साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हात 1 मिमी सरकला, तर छर्राही तेवढाच सरकतो. दहाचं वर्तुळ 11.5 मिमीचं आहे, खपून जातं. तेव्हा हात थोडा डुलू दे, गोल धुरकट दिसू दे. फ्रंट साइटची वरची कड मात्र रेखीव हवी. जमत नसेल तर टारगेट उलटं लावून आठवडाभर कोऱ्या कागदावर मारा. बघायला गोलच नसला की नजर मुकाट्याने साइटवर येते.

साइट नीट दिसतेय, तरी उजव्या हाताने मारलेला शॉट खाली-डावीकडे जातो? मग लक्ष बोटात अडकलंय. "आत्ता!" असं मनात आलं की ट्रिगर हिसकला जातो. हालचाली कशा शिकल्या जातात यावर संशोधन करणाऱ्या गाब्रिएले वुल्फ यांच्या प्रयोगांतही लक्ष अवयवावर ठेवण्यापेक्षा हालचालीच्या परिणामावर ठेवणारे बरं शिकले. ड्राय फायर करताना, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबताना, एवढंच बघा: 'टक' झालं तेव्हा फ्रंट साइट हलली का?

खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास करणाऱ्या जोन व्हिकर्स यांना 1996 मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोत निष्णात खेळाडूंची चेंडू फेकण्याआधीची शेवटची नजर जास्त वेळ स्थिर दिसली. हे ऐकून काही जण पंधरा-पंधरा सेकंद टक लावतात. तोवर हात थरथरतो, डोळा शिणतो. आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर हात खाली घ्या. स्पर्धेत 60 शॉटना 75 मिनिटं असतात, घाई कसली?

दुसरा डोळा मिटू नका, चेहरा आखडतो, त्याच्यासमोर पट्टी लावा.

आणि शॉट सुटताच, तो कुठे लागला ते दाखवणाऱ्या मॉनिटरकडे मान वळवू नका. दोन सेकंद साइटवरच राहा, मग मनात म्हणा, "आठ, उजवीकडे." नंतर स्क्रीन बघा. सांगताच आलं नाही, तर शॉट सुटला तेव्हा नजर साइटवर नव्हती.