समुद्रातल्या बॅक्टेरियात लंग कॅन्सरवरचं कंपाऊंड शोधायचंय? असं करा

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यायचा विचार असेल तर बिनधास्त घ्या, यात खरंच दम आहे. लर्बिनेक्टेडिन हे औषध २०२० मध्ये अमेरिकेत स्मॉल सेल लंग कॅन्सरसाठी मंजूर झालं, ते ज्या ट्रॅबेक्टेडिनवरून बनवलंय ते आधी सी स्क्वर्ट या समुद्री जीवात सापडलं होतं, आणि नंतर कळलं की ते बनवतो त्याच्या आत राहणारा बॅक्टेरिया!

बॅक्टेरियासाठी गाळ किनाऱ्याजवळचा किंवा खाडीतला घ्या, कांदळवनातला हवा असेल तर आधी वनखात्याला विचारा. गाळ वाळवून काही मिनिटं ५५ डिग्रीला तापवला की भराभर वाढणारे बॅक्टेरिया बरेच कमी होतात आणि ॲक्टिनोमायसेट्सना (हळू वाढणारे, पण औषधी कंपाऊंड बनवणारे बॅक्टेरिया) जागा मिळते. मीडिया (बॅक्टेरिया वाढवायचं खाद्य) समुद्राच्या पाण्यातच करा, सॅलिनिस्पोरासारखे बॅक्टेरिया साध्या पाण्यात वाढतच नाहीत. आणि प्लीज, आठ दिवसांत प्लेट फेकू नका, चार-सहा आठवडे पण लागतात. चांगला स्ट्रेन मिळाला की लगेच ग्लिसरॉल स्टॉक करून (ग्लिसरॉलमध्ये मिसळून) उणे ८० डिग्रीला ठेवा, कारण सारखं सबकल्चर केलं (एका प्लेटवरून दुसरीवर वाढवलं) की कंपाऊंड बनणंच बंद होऊ शकतं.

पुढे ब्रॉथमध्ये (पातळ मीडियात) वाढवा, इथाइल ॲसिटेटने एक्स्ट्रॅक्ट काढा, मग ए५४९ या लंग कॅन्सरच्या सेल्सवर एमटीटी (किती सेल्स जिवंत आहेत हे रंगावरून सांगणारी टेस्ट) करा. सेल्स पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) मधून मागवता येतात. खरी गडबड इथेच होते. नुसता डीएमएसओ (एक्स्ट्रॅक्ट ज्यात विरघळवतात ते द्रव), बॅक्टेरिया न टाकलेल्या ब्रॉथचा एक्स्ट्रॅक्ट, आणि एमआरसी-५ सारख्या नॉर्मल फुप्फुसाच्या सेल्स, हे तिन्ही कंट्रोल हवेतच हवेत. एक्स्ट्रॅक्ट प्रोडिजिओसिन या बॅक्टेरियाच्या रंगद्रव्यासारखा लाल असेल तर रीडिंग चुकतं, म्हणून सेल्स नसलेली वेल (प्लेटमधला खळगा) पण लावा आणि ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या सेल्स निळ्या करणारा रंग) खात्री करा. नॉर्मल सेल्स पण तेवढ्याच मरत असतील तर ते नुसतं विष आहे, आनंद करू नका.

आयसी५० (सेल्सची वाढ निम्मी करणारा डोस) चांगला आला तरी प्युरिफिकेशनला लागायच्या आधी एलसी-एमएस (कंपाऊंड वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी टेस्ट) करून जीएनपीएस या ऑनलाइन डेटाबेसवर माहीत असलेल्या कंपाऊंडशी मॅच बघा. नाहीतर वर्षभर राबून हातात येतं स्टॉरोस्पोरिन, जे १९७७ पासून माहितीय आणि दिसेल त्या सेलला मारतं.

अजून एक, ए५४९ म्हणजे केआरएएस या जनुकात म्युटेशन असलेला नॉन-स्मॉल सेल प्रकार, सगळा लंग कॅन्सर नाही. त्यामुळे दुसरी एखादी सेल लाइन जोडा आणि थिसिसमध्ये "कॅन्सरवर औषध सापडलं" असं अजिबात लिहू नका, पेशंटच्या घरचे असली वाक्यं आशेने वाचतात हो. "ए५४९ सेल्सची वाढ इतक्या डोसला इतकी कमी झाली" एवढंच लिहा.