मेंदूच्या पेशंटला श्वासनळीत ट्यूब टाकायच्या आधी

सोमवारपासून नाईटला लागताय म्हणून लिहून ठेवतोय. अपघातात डोकं फुटलेल्यांचं हे नाही, ते प्रकरण वेगळं. हे लकवा, मेंदूतला रक्तस्राव, न थांबणारी फिट, मेंदूज्वर असल्यांचं, जे अक्कलकोट, मंगळवेढा, पार इंडीकडनं गाडीत आडवे घोरत सोलापूरला येतात.

पहिलं ग्लुकोमीटर. शुगर ४० असली तर लकवा वाटलेला माणूस डेक्स्ट्रोजवर उठून बसू शकतो आणि ट्यूबची गरजच संपते. दुसरं, जीसीएस (शुद्ध किती आहे त्याचे गुण) ८ म्हणजे टाक ट्यूब हे पाठांतर अपघाताच्या पेशंटवरनं आलंय. फिट आत्ताच थांबलेला, श्वास नीट घेणारा, सॅच्युरेशन ठीक असलेला माणूस थोड्या वेळात जागा होऊ शकतो, त्याला कुशीवर वळवा आणि शेजारी उभं राहून बघा.

टाकायचीच ठरली तर गुंगीच्या आणि लुळं करायच्या औषधाआधी एक मिनिट डोळ्यांच्या बाहुल्या, चारही हातपाय, जीसीएस डोळे-बोलणं-हालचाल असं वेगवेगळं, वेळेसकट कागदावर. मी एकदा नाही लिहिलं. नंतर न्यूरोसर्जननी फोनवर विचारलं, उजवी बाहुली आधीपासनं मोठी होती का, आणि पेशंट रोक्युरोनियमवर, म्हणजे स्नायू लुळे करणाऱ्या औषधावर, पडलेला, सांगू काय? नातेवाइकांना "शेवटचं ठणठणीत कधी बघितलं" हेही तेव्हाच विचारा, गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनचे साडेचार तास तिथनं मोजतात.

आता तोंड. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणतात, पण बोट घालून बघा, गालात पुडीच सापडते की! आणि खरा त्रास म्हणजे गुटख्यानं आखडलेला जबडा, दोन बोटंही आत जात नाहीत, आणि तो आखडलेपणा स्नायूचा नसून आतल्या कातडीचा असतो त्यामुळं स्कोलिन (हेही स्नायू लुळं करणारं) देऊनसुद्धा सुटत नाही. पेशंट लुळा करण्याआधी हे कळलं पाहिजे. मिश्रीवाल्या आजींची कवळी काढा. आणि घरच्यांना न रागावता विचारा तोंडात काय घातलं, कारण फिट आली की कांदा हुंगवतात, तोवर ठीक, पण शुद्ध नसताना चहा-पाणीही ओततात. म्हणून सक्शन दोन, दोन्ही चालू करून बघितलेले. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (घसा स्क्रीनवर दाखवणारा), बुजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी), एक साइज लहान ट्यूब, एलएमए (घशात बसणारा मास्क), गळ्यातनं वाट करायचं ब्लेड, हे सगळं ट्रेवर, कपाटात नको.

डोक्याकडची बाजू ३० अंश वर, घट्ट मास्कनं ३ मिनिटं ऑक्सिजन, नाकातली नळी ट्यूब टाकतानाही १५ लिटरवर चालूच.

माझ्या मते पेशंट ट्यूब न गेल्यानं जितके बिघडतात त्याहून जास्त बीपी पडल्यानं बिघडतात. सरासरी बीपीतनं डोक्यातलं प्रेशर वजा केलं की उरेल तेवढ्यावरच मेंदूला रक्त मिळतं, आणि २१० दिसणारं बीपी प्रोपोफॉल या गुंगीच्या औषधाच्या एका पुशनंतर ८० वर येऊ शकतं. म्हणून नॉरअॅड (बीपी वर ठेवणारं औषध) आधीच भरून पंपावर, गुंगीला एटोमिडेट किलोला ०.३ मिलिग्रॅम नाहीतर केटामिन. केटामिननं डोक्यातलं प्रेशर वाढतं ही भीती जुनी झाली. स्कोलिन महिन्याभरापूर्वीच्या लकव्याला किंवा डायलिसिसवाल्याला नको, पोटॅशियम उसळून हार्ट थांबू शकतं. तिथं रोक्युरोनियम किलोला १.२ मिलिग्रॅम. आणि मे महिन्यात पारा ४३ ला, लाईट गेलेली, तेव्हा फ्रीज किती वेळ बंद होता ते सिस्टरांना विचारा, स्कोलिन आणि रोक्युरोनियम दोन्ही फ्रीजमधलीच.

ट्यूब गेली की खुशीत अॅम्ब्यू (हातानं दाबायची श्वासाची पिशवी) भराभर दाबायची नाही. मिनिटाला १२च्या आसपास, कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) ३५ ते ४०. भराभर दाबलं की कार्बन डायऑक्साइड पडतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपणच रक्त तोडतो. बाहुली फाकून मेंदू खाली सरकतोय दिसलं तरच थोडा वेळ ३० ते ३५. ट्यूबची पट्टी मानेभोवती करकचून बांधू नका, शिरांतलं रक्त अडतं. गुंगीचं औषध लगेच चालू, आणि फिटवाल्याचं फिटचं औषध थांबवू नका, लुळं केलं की फिट दिसत नाही पण आत चालू असू शकते.

सीटीला निघताना छोट्या बी टाईप सिलेंडरचा काटा बघा, भरलेला असला तर साधारण १५०० लिटर, मिनिटाला १० लिटरवर अडीच तास. आणि ती कवळी नाव लिहून नातेवाइकाच्या हातात द्या, नाहीतर सकाळी राऊंडला तिच्यावरनंच भांडण.