नळदुर्गचा धबधबा आणि धुरकट लेन्स

बोरी नदीला पाणी आलं की आम्ही सोलापूरकर नळदुर्गला पळतो, नर-मादी धबधबे बघायला. मागच्या खेपेला माझे सगळे फोटो धुरकट. वाटलं, लेन्सच गेली! दोष गाडीतल्या एसीचा होता. गार काचेला बाहेरची दमट हवा लागली की वाफ धरणारच. यंदा कॅमेरा बॅगेत बंद करून डिकीत ठेवला, पोचल्यावरही २० मिनिटं बाहेर काढला नाही. काच स्वच्छ!

तुषार पुसायला आपला सोलापुरी टॉवेल होताच, पण फक्त कॅमेऱ्याच्या बॉडीला, लेन्सच्या काचेला मायक्रोफायबरचं मऊ फडकं. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) फिरवल्यावर ओल्या दगडांची चकाकी गेली, उजेडही घटला. ट्रायपॉडवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/११, शटर पाव सेकंद. तरी पाणी पांढरंफटक येत होतं, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली आणलं, म्हणजे प्रकाश निम्मा केला.