हिवाळाभर उभ्या राहिलेल्या मोटरसायकलची बॅटरी : या चुका टाळा

चावी फिरवली की मीटरचे दिवे मिणमिणतात, स्टार्टरचे बटण दाबले की सीटखालून रिलेची (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या विजेच्या स्विचची) टकटक ऐकू येते आणि इंजिन जागचे हलत नाही. दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे नेहमीचेच. अशा बॅटऱ्यांपैकी बऱ्याच वाचू शकतात, पण पहिल्या तासाभरात केलेल्या घाईने त्यांतल्या कितीतरी कायमच्या बसतात.

आधी बॅटरीच्या आत काय झालेले असते ते पाहू. लेड-ॲसिड बॅटरी उतरते तेव्हा तिच्या प्लेटांवर लेड सल्फेट जमते. ताजे सल्फेट बारीक कणांचे असते, चार्जिंग केले की विरघळते. बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली, तर त्याचे मोठे, टणक स्फटिक होतात आणि ते चार्जिंगला सहज दाद देत नाहीत. यालाच बॅटरी सल्फेट होणे म्हणतात.

दोष थंडीच्या माथी मारला जातो, पण थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग उलट कमी होतो. तिला रिकामी करते ती बहुधा गाडीच. घड्याळ, अलार्म, ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), ट्रॅकर यांना चावी बंद असतानाही थोडा करंट लागतो. तो फक्त ३ मिलिअँपिअर धरला तरी ९० दिवसांत साधारण ६.५ अँपिअर-तास खर्च होतात. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा दोन तृतीयांशाहून जास्त हिस्सा झाला. ४ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी तर दोन महिन्यांच्या आतच संपते.

बटण दाबत राहणे

रिले टकटकला की थांबा. स्टार्टर मोटर एका दमात पन्नास-शंभर अँपिअर ओढू पाहते. उतरलेल्या बॅटरीचे व्होल्टेज त्या ओढीने कोसळते, रिले सुटतो, व्होल्टेज पुन्हा चढते, रिले पुन्हा लागतो. टकटक होते ती अशी. प्रत्येक टकटकीला रिलेच्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्ट जळतात. मग बॅटरी नीट झाली तरी सेल्फ लागत नाही आणि दोष नसत्या ठिकाणी शोधला जातो.

न मोजता चार्जरला लावणे

साधा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि चावी बंद असताना थेट बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. काही तास स्थिर राहिलेल्या बॅटरीत १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव आणि ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी. सीलबंद एजीएम बॅटरीचे (जिच्यात ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते) आकडे थोडे वर असतात. ती भरलेली असेल तर १२.८ ते १३.० दाखवते.

१०.५ च्या आसपासचा आकडा वेगळी गोष्ट सांगतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. चार्जिंगनंतरही आकडा १०.५ च्या जवळच अडकत असेल, तर एक सेल आतून शॉर्ट झाला आहे. ही बॅटरी परत येत नाही, तिच्यावर आणखी वेळ घालवू नका.

मोजण्याच्या आधी बॅटरी नजरेखालून घाला. डबा फुगलेला, तडकलेला असेल किंवा सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जर लावायचाच नाही. कडाक्याच्या थंडीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. भरलेल्या बॅटरीतले ॲसिड उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीत बहुतांश पाणीच उरते आणि ते उणे ७ ते उणे १० अंशांनाच गोठू लागते. गोठलेल्या बॅटरीला चार्ज करणे धोक्याचे आहे, ती फुटू शकते. घरात आणून पूर्ण वितळू द्या, डब्याला चीर नाही याची खात्री करा, मगच पुढे जा.

बॅटरी कोणत्या प्रकारची आहे ते न पाहणे

बाजूला वरची आणि खालची अशा दोन रेषा आणि वर सहा झाकणे असतील, तर ती पाण्याची बॅटरी. ॲसिड खालच्या रेषेच्याही खाली असेल, तर चार्जिंगपूर्वी फक्त प्लेटा बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घाला. वरच्या रेषेपर्यंत भरायचे ते चार्जिंग झाल्यावर. चार्ज होताना पातळी चढते, आधीच काठोकाठ भरले तर ॲसिड बाहेर येऊन फ्रेमचा रंग खाते. नळाचे पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. आणि ॲसिड तर मुळीच घालू नका. सेलमधून उडून जाते ते पाणी. ॲसिडचा अंश सल्फेटच्या रूपात प्लेटांवरच असतो आणि चार्जिंगने परत द्रावणात येतो. वरून ॲसिड ओतले की द्रावण गरजेपेक्षा तीव्र होते आणि प्लेटा झिजतात. चार्जिंगच्या वेळी झाकणे सैल करा, वायू जायची नळी दुमडलेली नाही ना तेही बघा.

सीलबंद बॅटरीची वरची पट्टी उचकटून पाणी घालण्याचा मोह टाळा. एकदा सील तुटले की आतले वायू पुन्हा पाण्यात बदलायची तिची सोयच संपते.

लिथियम बॅटरी हातात घेतली की हलकेपणावरून कळते. तिला लिथियमसाठीचाच चार्जर लावा. लेड-ॲसिड चार्जरचा डिसल्फेशन मोड (सल्फेट फोडण्यासाठी जास्त व्होल्टेज देणारा) तिचे नुकसान करतो. तिचे आकडेही वेगळे आहेत : भरलेली असताना १३.२ ते १३.४. इथे १२.८ म्हणजे बरीचशी रिकामी. शून्य अंशांखालील तापमानात तिला चार्ज करू नका.

पाना चुकीच्या टोकाला आधी लावणे

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह. गाडीची फ्रेम निगेटिव्हला जोडलेली असते, त्यामुळे उलट क्रमाने काम करताना पाना पॉझिटिव्ह आणि फ्रेम दोन्हींना टेकला की जबर शॉर्ट होतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने घासा. हे पाणी सेलमध्ये जाता कामा नये. कोरडे करून बोल्ट घट्ट आवळा आणि त्यावर पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग बोल्ट आवळणे चूक, धातूला धातू भिडला पाहिजे.

मोठा चार्जर, कमी वेळ

सर्वांत जास्त नुकसान इथे होते. कारचा ६ किंवा १० अँपिअरचा चार्जर ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीला लावला, की व्होल्टेज झटक्यात चढते, बॅटरी तापते, पाणी उडते, आणि सल्फेट मात्र जवळजवळ होते तसेच राहते. बॅटरीवर लिहिलेल्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्श्याइतका करंट ठेवा : ९ ला ०.९ अँपिअर, ५ ला अर्धा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीला यात दहा-बारा तास सहज लागतात. एजीएमसाठी चार्जिंगचे व्होल्टेज १४.४ ते १४.७ च्या वर जाऊ देऊ नका. जेल प्रकारच्या बॅटरीसाठी ते आणखी कमी असते, बॅटरीवरचा आकडा वाचा.

फार खाली गेलेल्या बॅटरीला स्मार्ट चार्जर ओळखतच नाही आणि एरर दाखवतो. त्यावरून बॅटरी मेली असे ठरवू नका. रिकव्हरी मोड असलेला चार्जर वापरा. नाहीतर व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधता येणारा पॉवर सप्लाय १४.४ व्होल्टवर ठेवून करंट अँपिअर-तासांच्या विसाव्या हिश्श्यावर बांधा. सुरुवातीला बॅटरी करंट जवळजवळ घेणारच नाही, कारण सल्फेटचा थर त्याला अडवतो. तास-दोन तासांनी करंट हळूहळू वाढू लागला, तर ते फार चांगले लक्षण. अर्धा दिवस उलटूनही करंट हलला नाही, तर प्लेटा गेल्या.

डिसल्फेशन मोड लावताना बॅटरी गाडीतून काढूनच ठेवा. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जाऊ शकते आणि ते ईसीयूला सोसवत नाही.

चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो, म्हणून खोली हवेशीर हवी, जवळ ज्योत किंवा ठिणगी नको. क्लिपा आधी लावा, मग वीज सुरू करा. काढताना आधी वीज बंद. अधूनमधून डब्याला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच थांबवा.

हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवणे

चार्जर काढल्याबरोबर १३ च्या वरचा आकडा जवळजवळ कोणतीही बॅटरी दाखवते. तो वरवरचा चार्ज. बॅटरी रात्रभर कशालाही न जोडता ठेवा आणि सकाळी मोजा. १२.६ च्या वर टिकली तर उत्तम. १२.४ ला आली तर कमी करंटवर आणखी एक फेरी करून पाहा. त्याच्या खाली घसरली तर ती भरवशाची राहिलेली नाही.

आकडा चांगला असला तरी ताकद वेगळी तपासावी लागते. गाडीत बसवून मीटर टर्मिनलवरच ठेवा आणि सेल्फ मारा. इंजिन फिरताना व्होल्टेज १० च्या आसपास किंवा वर राहिले पाहिजे. ९.५ च्या खाली कोसळत असेल, तर क्षमता गेलेली आहे. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजायच्या नळीने) प्रत्येक सेल वेगळा तपासता येतो : भरलेल्या सेलची घनता १.२६५ ते १.२८० असते आणि दोन सेलांत ०.०५० हून अधिक फरक म्हणजे कमी आकड्याचा सेल खराब.

बाटलीतली औषधे, एप्सम सॉल्ट वगैरे सेलमध्ये घालू नका. टणक सल्फेट त्यांनी जात नाही.

ढकलून सुरू केली, आता फिरवली की होईल चार्ज

होत नाही. आयडलवर स्टेटर (इंजिनच्या फिरण्यातून वीज बनवणारा भाग) जेमतेम वीज देतो आणि त्यातला मोठा वाटा हेडलाइट, इग्निशन आणि फ्युएल पंप खातात. दहा मिनिटे उभ्या उभ्या इंजिन चालवून बॅटरी भरत नाही, पण सायलेन्सरमध्ये आणि इंजिन ऑइलमध्ये ओल मात्र साचते. लांब फिरवली तरी पार उतरलेली बॅटरी स्टेटर आणि रेग्युलेटरवर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणाऱ्या भागावर) ताण देते. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप आणि ईसीयूपुरती वीज बॅटरीत उरली नसेल, तर ढकलून काहीच उपयोग नाही.

कारच्या बॅटरीवरून जंप द्यायचाच असेल, तर कारचे इंजिन बंद ठेवा. आणि मोटरसायकलचे इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीही काढू नका. व्होल्टेज उसळून रेग्युलेटर किंवा ईसीयू जातो.

मूळ कारण तसेच सोडणे

बॅटरी बसवल्यावर इंजिन ४,००० आरपीएमच्या आसपास ठेवून टर्मिनलवर मोजा. १३.५ ते १४.८ हवे. आकडा १२ च्या घरातच राहिला, तर स्टेटर, रेग्युलेटर किंवा त्यांच्या मधला कपलर (वायरी जोडणारा प्लग) बघा, तो जळून काळा पडलेला बऱ्याचदा सापडतो. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर खराब, आणि तो नवी बॅटरीही उकळवून संपवेल.

मग चोरटा करंट. चावी बंद करा, निगेटिव्ह वायर काढा आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडा. आधी १० अँपिअरच्या पोर्टवर, आकडा छोटा दिसला तर मिलिअँपिअरवर. मीटर जोडलेला असताना चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ईसीयू झोपायला काही मिनिटे लागतात, तेवढे थांबा. एक-दोन मिलिअँपिअर ठीक. दहाच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्या फ्यूजला आकडा पडतो ते सर्किट दोषी. मागाहून बसवलेले यूएसबी चार्जर आणि ट्रॅकर आधी तपासा.

पुढच्या हिवाळ्यात गाडी उभी करण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजा. १२.५ च्या खाली आली की लगेच चार्ज करा. मेंटेनर (कायम जोडून ठेवायचा छोटा चार्जर) लावून ठेवणार असाल, तर त्याचे फ्लोट व्होल्टेज, म्हणजे बॅटरी भरल्यावर ठेवले जाणारे व्होल्टेज, १३.२ ते १३.८ मध्ये असल्याची खात्री करा.

नवी बॅटरी घ्यावीच लागली आणि ती कोरडी मिळाली, तर ॲसिड भरल्यावर किमान अर्धा तास थांबा आणि दहाव्या हिश्श्याच्या करंटने पहिले चार्जिंग पूर्ण करूनच गाडीत बसवा. हे चार्जिंग वगळले तर क्षमतेचा काही भाग कधीच मिळत नाही.