चीनचा पंतप्रधान पोरांना कसा समजावायचा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं हमखास चुकतात: चीनचा पंतप्रधान म्हणजे आपल्यासारखाच देशाचा कारभारी. हा घोळ मी फळ्यावर सोडवतो.

दोन चौकोन काढा. वरचा कम्युनिस्ट पक्षाचा, खालचा सरकारचा. वर लिहा सरचिटणीस शी जिनपिंग, २०१२ पासून. खाली पंतप्रधान ली छ्यांग, मार्च २०२३ पासून. आता वरून खाली बाण ओढा, खडू दाबून, जाड. सगळा विषय त्या बाणात आहे. दिशा पक्ष ठरवतो. पंतप्रधान राज्य परिषद, म्हणजे मंत्रिमंडळ, चालवतो आणि दर मार्चला संसदेपुढे कामाचा अहवाल वाचतो. त्याचं नाव सुचवतो राष्ट्राध्यक्ष, आणि तेही शीच!

एक पोरगी म्हणाली, "सर, मंग हा ग्रामसेवकच झाला न?" अर्धं बरोबर. पण ली छ्यांग पक्षाच्या स्थायी समितीतही, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्यांच्या गटात, दुसऱ्या क्रमांकावर आहेत, हे विसरू देऊ नका.

शेवटी अशाच रचनेचं उदाहरण म्हणून ताश्कंद करार सांगा. १९६६ मध्ये शास्त्रीजी आणि अयूब खान यांच्यात मध्यस्थी केली ती सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांनी. पक्षाची सूत्रं मात्र ब्रेझनेव्हकडे होती.