एक संहिता, अनेक ई-दुकाने: ई-पुस्तकाची फाइल कशी तयार करावी

स्वतःचे ई-पुस्तक स्वतः प्रकाशित करणारे अनेक लेखक प्रत्येक दुकानासाठी वेगळी फाइल बनवतात. त्यात मोठी अडचण अशी, की मुद्रितशोधनाची एखादी चूक एका फाइलीत दुरुस्त होते आणि उरलेल्या फाइलींत तशीच राहून जाते. म्हणून एकच मूळ संहिता निर्दोष करावी आणि तिच्यावरूनच सगळ्या दुकानांच्या फाइली काढाव्यात.

ई-पुस्तकाला छापील पुस्तकासारखे ठरलेले पान नसते. वाचक अक्षरे मोठी करतो, फोन आडवा धरतो आणि मजकूर नव्याने वाहतो. प्रकरणाचे नाव मधोमध यावे म्हणून स्पेसबार दहा वेळा दाबला असेल, तर तेच नाव लहान पडद्यावर दोन ओळींत तुटून एका कडेला जाते. त्याऐवजी वर्डमध्ये त्या नावाला ‘हेडिंग १’ ही स्टाइल द्यावी, परिच्छेदाचा समास परिच्छेदाच्या स्टाइलमध्येच ठरवावा आणि नवे प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी रिकाम्या ओळींऐवजी पेज ब्रेक वापरावा. या शिस्तीचा खरा लाभ पुढे होतो, कारण कॅलिबर या विनामूल्य प्रोग्रामने किंवा तत्सम साधनाने ई-पब, म्हणजे बहुतेक ई-दुकानांत चालणारी ई-पुस्तकाची फाइल, काढताना टिचकी मारता येणारी अनुक्रमणिका याच हेडिंगांवरून तयार होते.

मराठी संहितेत सर्वाधिक वेळ द्यावा तो अक्षरांना. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व उपकरणांना समजणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित संकेतांत, आणावा लागतो आणि रूपांतरानंतर तो ओळीने वाचावाच लागतो. ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ झाला, तर डोंगरातल्या वर्णनात अचानक समुद्र शिरतो, आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाला त्यात काहीच वावगे दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. पुस्तकाच्या माहितीत भाषा ‘मराठी’ अशीच नोंदवावी. फॉन्टमध्ये आणि वाचनाच्या साधनात सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणे भाषेच्या नोंदीमुळे उमटू शकतात. फॉन्ट फाइलीत अंतर्भूत करायचा असेल, तर ‘नोटो’ किंवा ‘मुक्त’ (Mukta) यांसारखा खुल्या परवान्याचा निवडावा.

आता दुकानांकडे वळू. अ‍ॅपल बुक्स, कोबो आणि गूगल प्ले ई-पब स्वीकारतात. गूगल पीडीएफही घेते, परंतु कथा-कादंबरीसाठी तो मार्ग मी सुचवणार नाही, कारण फोनवर पीडीएफ वाचणे कष्टाचे होते. अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, किंडलसाठी स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) ई-पब किंवा वर्डची फाइल चालते. किंडलच्या जुन्या पद्धतीच्या मोबी फाइलींचा आता तिथे उपयोग नाही. केडीपीवर मुखपृष्ठ स्वतंत्रपणे चढवायचे असते, त्यामुळे तेच चित्र वर्डच्या फाइलीतही घातले, तर ते पुस्तकात दोनदा दिसते. २५६० बाय १६०० पिक्सेलचे उभे मुखपृष्ठ केडीपीच्या शिफारशीप्रमाणे होते आणि अ‍ॅपलची लहान बाजूसाठीची किमान १४०० पिक्सेलची अटही त्यात बसते. मात्र केडीपी सिलेक्ट ही योजना निवडण्याआधी नीट विचार करावा, कारण तिच्या ९० दिवसांच्या मुदतीत ई-पुस्तक अन्यत्र विकता येत नाही.

फाइलीफाइलींत फरक करण्याची वेळ येऊ शकते ती शेवटच्या पानांमुळे. ‘लेखकाची इतर पुस्तके’ या यादीत एका दुकानाचे दुवे असतील, तर दुसरे दुकान पुस्तक परत पाठवू शकते. तेव्हा हा फरक टाळण्यासाठी तिथे नुसती नावे द्यावीत किंवा आपल्या संकेतस्थळाचा दुवा ठेवावा.

फाइल चढवण्यापूर्वी ई-पब ‘ईपबचेक’ या विनामूल्य साधनातून तपासावा आणि किंडलसाठीची फाइल ‘किंडल प्रिव्ह्यूअर’मध्ये पाहावी. त्यानंतर ती प्रत्यक्ष फोनवर उघडून, अक्षरे सर्वांत मोठी करून, निदान एक प्रकरण सलग वाचावे. जिथे ओळ तुटलेली किंवा जोडाक्षर फुटलेले आढळेल, तिथे दुरुस्ती मूळ संहितेतच करावी आणि सर्व फाइली पुन्हा काढाव्यात.