डार्कव्हिजन म्हणजे दिवसाचा उजेड नाही बे

आमचा रविवारचा डी अँड डी गेम (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून आपापलं पात्र खेळायचा टेबलावरचा गेम) होटगी रोडला मित्राच्या घरी असतो आणि दोन सेशनमागे एकदा तरी हे भांडण होतंच, "माझा एल्फ आहे बे, मला अंधारात सगळं दिसतं." नाही दिसत! एल्फ ही गेममधली एक जमात, तिला डार्कव्हिजन म्हणजे अंधारात बघायची ताकद असते, पण तिलापण मर्यादा आहे. मी डी अँड डीच्या पाचव्या एडिशनचे २०१४ चे रूल धरून सांगतोय, तुमचा टेबल दुसरं काही खेळत असेल तर तिथलं बघा.

डीएम (डंजन मास्टर, गेम चालवणारा) असाल तर खोली सांगायच्या आधी उजेड किती ते ठरवा. उजेड, अंधुक, अंधार, बस तीनच. अंधुक म्हणजे संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी दिवे लागायच्या आधी असतं तसं, माणूस दिसतो पण कोण ते कळत नाही. मशाल २० फूट स्वच्छ उजेड देते, पुढचे २० फूट अंधुक, म्हणजे नकाशाच्या ग्रिडवर (एक चौकोन ५ फुटांचा) चार चौकोन आणि अजून चार, आणि तासाभरात विझते. आम्ही उजेडाच्या कडेला खुणेसाठी शेंगा मांडतो, फक्त कोण खात नाही ना ते बघायचं.

डार्कव्हिजन काय करतं, तर साधारण ६० फुटांपर्यंत (ड्राऊ जातीच्या एल्फला १२०) सगळं एक पायरी वर चढवतं. अंधुक असेल तर स्वच्छ, अंधार असेल तर अंधुक. म्हणजे मिट्ट काळोखात एल्फलापण पर्सेप्शनला (आजूबाजूचं टिपायच्या रोलला) डिसअॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा), पॅसिव्ह (फासा न टाकता धरलेला ठरीव आकडा) असेल तर वजा ५, हे नव्वद टक्के पोरं विसरतात. आणि रंग गायब, लाल चादर काय हिरवी चादर काय दोन्ही राखाडीच. मी एकदा दोन दोऱ्या टांगल्या, लाल ओढली की दार उघडतं हिरवी ओढली की खड्डा, आणि आमचे एल्फसाहेब मशाल न पेटवता ऐटीत गेले ते थेट खड्ड्यात.

डार्कनेस स्पेलचं (जादूने अंधार पाडायचा मंत्र) मात्र सगळंच वेगळं. सेकंड लेव्हल, १५ फूट त्रिज्या, कोपऱ्यातून वळूनपण पसरतो, आत डार्कव्हिजन चालत नाही आणि मशालपण नाही, लाईट कँट्रिप (उजेडाचा अगदी साधा स्पेल) तर विझूनच जाते. थर्ड लेव्हलचं डेलाईट (मोठ्या उजेडाचा स्पेल) टाकलं की तो उडतो. वॉरलॉककडे (जादू करणारं एक पात्र) डेव्हिल्स साईट ही ताकद असेल तर त्याला १२० फूट आरपार दिसतं. स्पेल नाण्यावर टाकला असेल तर त्यावर लोटा उपडा घाला, अंधार बंद. लोटा काढला की परत चालू, हा जुगाड आम्ही लई वापरला.

त्या अंधारात मारणारा आणि समोरचा दोघंही आंधळे असतील तर अॅडव्हान्टेज डिसअॅडव्हान्टेज (दोन फाशांतला मोठा आकडा धरायचा की कमी) कटून सरळ रोल होतो, मग पोरं म्हणतात फायदा काय. फायदा असा की 'दिसणारं टार्गेट' मागणारे स्पेल बंद, ऑपॉर्च्युनिटी अटॅकपण (शत्रू जवळून निसटताना मारायचा वार) बंद. पण दिसत नाही म्हणजे लपलात असं नाही हां, पायांचा आवाज येतोच, लपायला वेगळी हाईड अॅक्शन लागते.

हे सगळं आपल्यावरपण उलटतं. आमच्या वॉरलॉकने भर मारामारीत डार्कनेस टाकला, फायटर आतच पडला आणि क्लेरिकला (आमची इलाज करणारी) तो दिसेना म्हणून लांबून बरं करणारा हीलिंग वर्ड लागू होईना, शेवटी बिचारी चाचपडत आत शिरली आणि हात लावून क्युअर वूंड्स दिला, आणि वॉरलॉक बाहेर उभा राहून म्हणतोय, "मला तर सगळं दिसतंय की!"